राजाच्या दाढीचा डिंक

परिपत्रक आलं तेव्हा मामीच्या एका हातात राजाची हनुवटी होती आणि दुसऱ्या हातात डिंकाचा ब्रश.

सकाळचे सव्वाआठ वाजले होते. पार्कचं फाटक नऊला उघडायचं, आणि साडेनऊच्या ठोक्याला राजा दाढीसकट सिंहासनावर हवा. त्यामुळे मामीने कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिपाई मात्र दारातून हलेना. एकदा वाचून तर घ्या, म्हणाला, अख्ख्या पार्कात बोंब झालीय. शेवटी राजानेच मान न हलवता कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचून दाखवला.

नियम क्रमांक सात शिथिल करण्यात येत होता. यापुढे पुरुष कर्मचाऱ्यांना दाढी आणि मिशा ठेवायला परवानगी होती. दाढी नीटनेटकी असावी. अर्धवट उगवलेली दाढी पाहुण्यांना दिसू नये, म्हणून ती रजा घेऊन घरी वाढवावी. ज्यांच्या भूमिकेला दाढी लागते त्यांनी स्वतःचीच वापरावी. सबब कृत्रिम दाढ्यांचा विभाग दोन महिन्यांनी बंद होईल आणि ती खोली फुग्यांच्या गोदामाला देण्यात येईल. हा निर्णय एका जागरूक कर्मचाऱ्याच्या लेखी सूचनेवरून घेण्यात आला आहे, असं शेवटी लिहिलं होतं, आणि त्या जागरूक कर्मचाऱ्याचे जाहीर आभार मानले होते.

मामीचा ब्रश हवेतच थांबला. तो जागरूक कर्मचारी म्हणजे तीच होती.

आता नियम सात म्हणजे काय, ते सांगायला हवं. पार्कात काम करणाऱ्या पुरुषाच्या चेहऱ्यावर एकही केस दिसता कामा नये, असा तो नियम. पाहुण्यांना कसा धुतलेला, हसरा चेहरा दिसला पाहिजे. हा नियम केला खुद्द संस्थापकांनी. त्यांची तसबीर फाटकाजवळ टांगलेली आहे आणि त्यांच्या मिशा त्या तसबिरीत या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत पोचतात. याबद्दल कुणी तोंड उघडलंच, तर ऑफिसातले लोक गंभीरपणे सांगत की संस्थापक हे कर्मचारी नव्हते.

बरं, याच पार्कात एक राजा होता, अकरा समुद्री चाचे होते आणि एक जादूगार होता. सगळी पात्रं दाढीची. म्हणून रोज सकाळी ही मंडळी मागच्या फाटकाने आत यायची ती आधी मामांच्या खुर्चीत बसायची. मामा म्हणजे पार्कचे न्हावी. ते गाल असा तासून काढत की माशी बसली तर घसरावी. मग त्याच गालांनिशी मंडळी शेजारच्या खोलीत जायची आणि तिथे मामी त्यांना दाढी चिकटवायची. मामी म्हणजे मामांची बायको. दोन खोल्यांच्या मध्ये एकच बेसिन होतं, त्यात एकीकडून साबणाचा फेस यायचा आणि दुसरीकडून डिंकाचं पाणी. नवऱ्याने काढायची आणि बायकोने लावायची, असा त्यांचा एकोणीस वर्षांचा संसार बिनबोभाट चालला होता. हे सगळं मुळातच वेड्यासारखं आहे, असं त्या दोघांना कधी वाटलं नाही. वाटून घेणं परवडण्यासारखंही नव्हतं.

मामीच्या हातात मात्र कसब होतं. बारीक जाळीच्या कापडावर आकडीने एकेक केस ओवून ती दाढी विणायची. राजाच्या एका दाढीला पाच आठवडे लागत. राजाचं काम तिघे जण आळीपाळीने करत, थोरला राजा, मधला राजा आणि धाकटा राजा, पण मामीच्या हातून बाहेर पडले की तिघांचा एकच राजा व्हायचा. हातभर अंतरावरून त्याची दाढी खोटी आहे असं सांगण्याची कुणाची छाती नव्हती.

आणि ती दाढी नुसती बघायची नव्हती. पार्कची सगळ्यात लांब रांग दरबारापुढे लागायची. ‘राजाची दाढी ओढा, इच्छा सांगा’ अशी पाटीच होती तिथे. प्रत्येक पोराने एकदा दाढी ओढायची, राजाच्या कानात इच्छा सांगायची आणि राजाने ‘मंजूर’ म्हणायचं. दिवसाला चारशे पोरं. त्यासाठी मामीने दाढीच्या पोटात एक पट्टी शिवली होती. ती राजाच्या अंगरख्याच्या गळपट्टीत आतून अडकायची, म्हणजे ओढलेला सगळा ताण कापडावर जायचा. डिंक लागायचा तो फक्त गालांवर, दाढीची कड दिसू नये म्हणून.

घोडं पेंड खात होतं ते या डिंकाशी. तपकिरी बाटलीतला तो डिंक एकोणीस वर्षं एकाच ठिकाणाहून येत होता, आणि लावल्यापासून मिनिटभरात चावायला लागायचा. चाचे लोक आठवड्यातून तीनदा लावायचे, त्यांचं निभत होतं. थोरल्या राजाची कातडी जुन्या चपलेची. मधल्या राजाच्या पाळ्या सगळ्यात जास्त, त्यामुळे त्याचे गाल मात्र सतरा वर्षांत कायमचे सोलवटून निघाले होते. तो कधी तक्रार करायचा नाही. डिंक लावताना फक्त खुर्चीचा हात घट्ट धरायचा, आणि मामीला ते दिसायचं. सतरा वर्षं जवळजवळ रोज एका माणसाचे गाल जाळायचे म्हणजे काही थोडंथोडकं नाही. मामी घरून मलम आणायची, फुंकर घालायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच ब्रश बुडवायची.

तिने अर्ज केले होते. एक नाही, चार. चांगला डिंक मिळावा, असे साधे, सरळ अर्ज. एकाचंही उत्तर नाही. पाचव्या खेपेला तिचं डोकं फिरलं. तिने लिहिलं की माणसांच्या चेहऱ्याची सालं निघतायत, तुम्हाला चांगला डिंक देणं जमत नसेल तर या बिचाऱ्यांना स्वतःच्या दाढ्या तरी वाढवू द्या. टोमणा होता तो. पण ऑफिसात टोमण्यासाठी वेगळा रकाना नव्हता, त्यामुळे तो सूचनांच्या रकान्यात गेला. त्यातच नवीन भरती होत नव्हती, आजकालची तरणी मुलं दाढीवर वस्तरा फिरवायला तयार नव्हती, त्यामुळे टायसाहेबांना ही सूचना फारच पसंत पडली. टायसाहेब म्हणजे कर्मचारी विभागाचे साहेब. त्यांच्या टायवर पार्कमधलं कार्टून हत्तीचं पिल्लू होतं आणि ते त्यांना शोभायचं.

हे सगळं मामीला एका क्षणात समजलं. तिने राजाचा उरलेला गाल चिकटवला, त्याला दरबारात धाडलं आणि बेसिनवर हात धुवायला गेली. पलीकडून मामा आले. त्यांच्या हातातही तोच कागद होता. चेहरा असा, की कुणीतरी त्यांच्याच वस्तऱ्याने त्यांची मान कापली असावी.

“कोण हा जागरूक कर्मचारी?” मामा म्हणाले. “एकदा माझ्या खुर्चीत बसू दे त्याला.”

मामीने नळ मोठा केला. हात धुतच राहिली.

पुढचे काही दिवस पार्कात नुसता धुमाकूळ होता. दाढी रजेवर वाढवायची, असं ऑफिसने म्हटलं होतं, पण कुणी कधी वाढवायची, ते सांगायचं राहून गेलं होतं. साहजिकच सगळ्यांनी एकदम रजा टाकली. चाच्यांचं जहाज तिकीटखिडकीवरच्या दोन बायकांनी चालवलं, आणि खरं सांगायचं तर बरं चालवलं. तिन्ही राजांपैकी कुणीच मागे राहायला तयार नव्हता, त्यामुळे दरबाराच्या दारावर ‘महाराज शिकारीला गेले आहेत’ अशी पाटी तीन आठवडे लटकत होती. मामांच्या खुर्चीत दिवसाला एखादं गिऱ्हाईक आलं तर आलं. ते वस्तरा पाजळत बसायचे आणि त्या जागरूक कर्मचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्या सात पिढ्यांत आपलं माहेर येतं, हे जाणून मामी शेजारच्या खोलीत बसून मुकाट्याने जुन्या दाढ्या धुवायची.

रात्री जेवताना तेच. मामा म्हणत, माझं एक वेळ ठीक आहे गं, पण तुझी ती खोली, फुगे ठेवणार आहेत तिथे, फुगे. मामी ताटातला भात नुसता चिवडत राहायची. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि सोबत नवऱ्याच्याही. ते सांगायचं तर होतं. पण एकोणीस वर्षांत तिने मामांना वस्तरा हातात असताना कधी काही वाईट सांगितलं नव्हतं, आणि हल्ली वस्तरा त्यांच्या हातातून सुटतच नव्हता.

महाराज शिकारीहून परतले.

थोरल्या राजाची दाढी पांढरीशुभ्र आणि विरळ, धाकट्याची काळीकुळकुळीत आणि डोळ्यांच्या खालीच सुरू होणारी, मधल्याची ठिपक्याठिपक्यांची, हनुवटीवर बरी आणि गालांवर नांगरलेल्या जमिनीत उगवल्यासारखी. तीनही दाढ्या जेमतेम चिमटीत येतील एवढ्या. पहिल्या दिवशी थोरला बसला. मामी पडद्यामागे उभी राहून बघत होती, दुसरं काम नव्हतंच. चाळीस इच्छांपर्यंत थोरला हसतमुख होता. नव्वदाव्या इच्छेला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रांगेतल्या आया एकमेकींना म्हणाल्या, किती हळवे आहेत हे, पोरांच्या इच्छा ऐकून रडतात. खऱ्या दाढीच्या पोटात पट्टी नव्हती, ताण कापडावर जात नव्हता, हे त्यांना कुठून कळणार. परिपत्रक काढणाऱ्यांना तरी कुठे कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा बसला. सात वर्षांची एक दणकट मुलगी पुढे आली. तिला घोडा हवा होता, आणि घोड्यासारखी मोठी गोष्ट मागायची तर जोरही तसाच लावायला हवा, असं तिचं मत असावं. तिने दोन्ही हातांनी दाढी धरली आणि पाय उचलले. महाराजांच्या तोंडून त्या क्षणी जो शब्द निघाला तो कुठल्याही दरबारात चालत नाही. मुलीने तो लगेच पाठ केला आणि संध्याकाळपर्यंत झोपाळ्यांवर, बोटींवर, खाऊच्या रांगेत जो भेटेल त्याला म्हणून दाखवला.

तिसऱ्या दिवशी मधला बसला. त्याने चारशेच्या चारशे इच्छा हूं की चूं न करता ऐकल्या. पण एका पोराने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं आणि आईला मोठ्याने सांगितलं की हा राजा खोटा आहे, याची दाढी नकली आहे, खऱ्या राजाची लांब असते. रांगेतली निम्मी पोरं रडायला लागली. खरा राजा कुठाय, म्हणून.

त्याच संध्याकाळी टायसाहेब स्वतः चालत मामीच्या खोलीत आले. एकोणीस वर्षांत ते या बाजूला पहिल्यांदाच आले होते, त्यामुळे आधी चुकून बेसिनपाशी गेले. मामी, तुमच्याशिवाय पान हलत नाही, असं काहीसं त्यांनी सांगितलं. बाकीच्यांना दाढीची मुभा राहील, पण तिन्ही राजांनी उद्या सकाळी गुळगुळीत होऊन यायचं आणि पूर्वीसारखी दाढी चिकटवून घ्यायची. फुग्यांचं बघू नंतर. साहेब गेल्यावर मामीने खोलीचं दार लावून घेतलं आणि लाकडी डोक्यांवर चढवलेल्या तिन्ही दाढ्यांना एकेक करून कंगवा केला. आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. मामांना तर आभाळ ठेंगणं झालं. वस्तरा त्या रात्री त्यांच्या उशाशी झोपला.

सकाळी थोरला राजा दोन मिनिटांत मोकळा झाला. त्याला सुटल्यासारखंच वाटलं. धाकटा कुरकुरला, बायकोला आवडली होती म्हणाला, पण बसला. मग मधला आला, मामांच्या खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड बांधून घेतलं आणि म्हणाला, एक मिनिट मामीला बोलवा.

मामी डिंकाचा ब्रश हातात घेऊनच आली.

“काही नाही,” तो म्हणाला. “एकदा हात लावून बघा, मग करू.”

मामीने ब्रश बेसिनवर ठेवला आणि त्याच्या गालाला हात लावला. या गालाला तिने सतरा वर्षांत किती वेळा हात लावला असेल, मोजदाद नाही. पण तो नेहमी तापलेला असायचा, ओला, खरखरीत. आज ठिपक्याठिपक्यांच्या केसांखाली नवी, मऊ, निवांत कातडी होती. तिला तो गाल ओळखताच आला नाही.

“माझी धाकटी आता गालाला गाल लावते,” मधला राजा म्हणाला. “आधी लांबूनच टाटा करायची. बाबा, तुम्हाला वास येतो म्हणायची.” आणि मग मामांकडे बघून म्हणाला, “करा मामा. साडेनवाला बसायचंय.”

त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. डिंक अजून बाटलीत होता, तरी धरला.

मामांनी वस्तरा उचलला. हा वस्तरा फिरला की तिची खोली वाचत होती, तिची आकडी, तिची लाकडी डोकी, सगळं. नाही फिरला तर फुगे. तिला हे स्वच्छ दिसत होतं, आणि तरी तिने मामांचं मनगट धरलं.

“थांबा,” ती म्हणाली. “याला नको.”

मामा बघतच राहिले. अगं, डिंक काय केसांवर चिकटणार आहे, असं त्यांनी विचारलं, आणि ते अगदी बरोबर होतं. केसांवर डिंक चिकटत नाही, हे मामीइतकं कुणाला माहीत असणार. साडेआठ वाजले होते. मामी तशीच निघाली आणि पार्कमधून जवळजवळ पळत सुटली.

फाटकाजवळ, संस्थापकांच्या मिशांच्या बरोबर खाली, खेळण्यांचं दुकान होतं. तिथे पोरांसाठी राजाच्या दाढ्या मिळायच्या. प्लास्टिकच्या केसांच्या, कानात अडकवायच्या इलॅस्टिकच्या. मामी एकोणीस वर्षं त्या दुकानासमोरून जाताना तोंड फिरवून जायची. त्या दाढ्या बघितल्या की तिला मळमळायचं, तिच्या दाढीची ती विटंबनाच होती. आज तिने त्यातल्या दोन उचलल्या, दुकानातल्या मुलीला पैसे नंतर देते म्हणाली आणि चालता चालताच त्यांचं इलॅस्टिक ओढून काढलं.

नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी शेवटचा टाका पडला. राजाच्या खानदानी, पाच आठवडे विणलेल्या दाढीला तिने स्वतःच्या हाताने त्या फालतू खेळण्याचं इलॅस्टिक शिवलं आणि ते मधल्या राजाच्या कानांमागे अडकवलं. वरून मुकुटाखालच्या टोपाचे केस आले, इलॅस्टिक झाकलं गेलं. पट्टी गळपट्टीत अडकवली. राहिली कड. डिंक लागायचा तो या कडेसाठीच. मामीने वाकून पाहिलं. त्याच्या गालांवरचे ते ठिपक्याठिपक्यांचे खरे केस खोट्या दाढीच्या कडेत असे मिसळून गेले होते की कुठे एक संपते आणि कुठे दुसरी सुरू होते, ते तिलाच सापडेना. तासलेल्या गालावर हे कधीच जमलं नसतं. थोडक्यात, राजाला डिंक नको असेल तर त्याला आधी स्वतःची दाढी हवी होती. पाचव्या अर्जातला टोमणा शेवटी लांबच्या रस्त्याने का होईना, मुक्कामाला पोचला होता.

त्या दिवशी राजाने चारशे बारा इच्छा मंजूर केल्या. तो शेवटच्या पोरापर्यंत हसत होता.

पण गोष्ट इथे संपली असती तर मामीला बरं वाटलं असतं. इलॅस्टिकची दाढी राजाची राजालाच चढवता यायला लागली. थोरल्याने आणि धाकट्यानेही पुन्हा आपापली दाढी वाढवायला घेतली, आणि महिन्याभराने सकाळी मामीच्या खुर्चीत कुणीच बसेनासं झालं. चाचे तर स्वतःच्याच दाढ्यांवर खूष होते, त्यांची कुणी ओढत नव्हतं. खोली तेवढी वाचली. चारशे पोरांच्या ओढण्याने जाळी उसवते, ती दुरुस्त करायला कुणीतरी हवंच, हे टायसाहेबांना पटलं. मामीने दहाला यायचं, उसवलेलं शिवायचं आणि तीनला जायचं, असं ठरलं. खोलीच्या निम्म्या भागात फुगे आलेच.

सकाळची ती घाई, ते गाल, कुणाची बायको माहेरी गेलीय, कुणाचं पोर नापास झालं, ते सगळं गेलं. दाढी चिकटवताना माणूस हलत नाही, पण बोलतो. मामीला एकोणीस वर्षं वाटत होतं की आपल्याला दाढ्या आवडतात. आता तिला कळलं की तिला माणसं आवडत होती. त्या लाकडी डोक्यांशी काय बोलणार.

मामांनी आठ दिवस अबोला धरला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तीन राजे हातात आले होते, तीन, आणि बायकोने मनगट धरलं. नवव्या दिवशी एक चाचा त्यांच्याकडे दाढीला आकार देऊन घ्यायला आला. मामांनी होय म्हटलं. उजवीकडे जरा जास्त गेली म्हणून डावीकडे घेतली, डावीकडे जास्त गेली म्हणून उजवीकडे, आणि शेवटी सवयीने हात असा काही चालला की चाचा गुळगुळीत होऊन उठला. त्याने आरशात पाहिलं आणि दोन्ही हातांनी गाल चाचपले. मामांनी एकोणीस वर्षांत दाढी फक्त घालवली होती, ठेवली कधीच नव्हती. त्या संध्याकाळी मामीने काही न विचारता चाच्यांच्या जुन्या खोट्या दाढ्या, सगळ्या अकरा, लाकडी डोक्यांवर चढवून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि कात्री हातात दिली. यांच्यावर शिका, म्हणाली. तिच्या कितीतरी महिन्यांच्या विणीची तीन दिवसांत वाट लागली. पण मामा शिकले. हळूहळू त्यांच्याकडे रांग लागायला लागली, पूर्वीपेक्षा लांब. जागरूक कर्मचाऱ्याला शिव्या मात्र चालूच होत्या. आता त्या रागाच्या कमी आणि सवयीच्या जास्त होत्या.

आणि मग एका दुपारी खोकं आलं.

मोठं, लाकडी, चारी बाजूंनी पट्ट्या मारलेलं. शिपायाने ते बेसिनपाशी टेकवलं आणि मामांकडून सही घेतली. वर खरेदी विभागाचा कागद होता. आपल्या अर्जांस अनुसरून उच्च प्रतीचा, त्वचेस निर्धोक डिंक, चोवीस बाटल्या, मंजूर करून पाठवण्यात येत आहे. खरेदी विभागाचा आणि कर्मचारी विभागाचा एकमेकांशी बोलण्याचा संबंध नसल्याने त्यांनी आपलं काम आपल्या गतीने पुरं केलं होतं. कागदाला पाचही अर्ज टाचलेले होते. पाचवा सगळ्यात वर.

मामा तो उभ्याउभ्याच वाचायला लागले. मामी फुग्यांच्या खोक्यांच्या आडून बघत होती. ‘स्वतःच्या दाढ्या तरी वाढवू द्या’ या ओळीपर्यंत ते आले, हे तिला त्यांच्या भुवयांवरून कळलं. त्यांनी ओळ परत वाचली. खालची सही बघितली. ती सही बघायची गरज नव्हती, ते अक्षर त्यांच्या घरच्या सगळ्या डब्यांवर होतं.

मामीने पळ काढायचा विचार केला, पण दारात मामाच उभे होते. अडीच महिन्यांच्या शिव्या तिच्या कानात एकदम गोळा झाल्या. आता आणखी किती यायच्यात, याची ती वाट बघत राहिली.

मामांनी उरलेले चारही अर्ज वाचले. एकेक, सावकाश, तारखांसकट. पहिल्या अर्जाला सहा वर्षं झाली होती. मग त्यांनी खोक्याची पट्टी तोडली, एक बाटली काढली, आणि ती घेऊन मामीच्या खोलीत शिरले. फुग्यांचं खोकं पायाने बाजूला सारलं आणि मामीच्या खुर्चीत बसले. एकोणीस वर्षांत ते त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. त्यांनी मान मागे टेकली आणि गाल पुढे केला.

“लाव,” ते म्हणाले.

“अहो, कशाला?”

“लाव तर.”

मामीने ब्रश बुडवला. नवऱ्याच्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, तिने तो डिंक लावला आणि दाराआड टांगलेली राजाची जुनी दाढी त्यावर दाबून धरली. जुना डिंक मिनिटभरात चावायला लागायचा. दोघं घड्याळाकडे बघत बसले. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाच गेली. मामांचे हात मांडीवर सुटे पडले होते. खुर्चीचा हात त्यांनी धरला नव्हता.

“नाही जळत,” मामा म्हणाले.

“अजिबात?”

“अजिबात नाही.” मग दाढीतूनच म्हणाले, “एवढंच मागत होतीस होय गं?”

“एवढंच,” मामी म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

मामांनी ती दाढी काढू दिली नाही. ती लावूनच ते आपल्या खुर्चीपाशी गेले आणि रांगेतल्या पहिल्या चाच्याला बसायची खूण केली. चाच्याने विचारलं, मामा, आज हे काय? मामा म्हणाले, जागरूक कर्मचाऱ्याची बायको, म्हणजे नवरा आहे मी, नीट बस, आणि कात्री उचलली.